पाणी न घातलेला ग्लास

आई, परवा हनुक्काचा शुक्रवार होता. शेजारणी अजूनही त्याला ‘तुमची ज्यूंची दिवाळी’च म्हणतात. वरणगावच्या या क्वार्टरात लेकाच्या घरी बॅटरीचे दिवे लागतात. हनुक्काला उघडी ज्योत नको, हा तू गेल्यापासूनचा नियम माझा, आणि मी खाष्ट म्हातारी, म्हणून तो कुणी मोडला नाही. यंदा नात हटूनच बसली. “आजी, सेल बदलायच्या दिव्याला कुणी हनुक्का म्हणतं का?” पोरगी थेट तुझ्यावर गेलीय. मला त्याचीच धास्ती वाटते.

भुसावळची ती रेल्वेची खोली मला अजून दिसते. चाळीत आपलं बेने इस्राएलांचं, ज्यूंचं, एकच घर. खिडकीच्या फळीवर काचेचे ग्लास ओळीनं मांडलेले. रीत अशी, की आधी पाणी, वर खोबरेल, त्यावर वात. तेल संपलं की वात पाण्याला टेकून गप विझते, काच तापत नाही. त्या शुक्रवारी तू पाणी घातलंच नाहीस, काठोकाठ तेल भरलंस. शुक्रवारी सूर्य बुडून शब्बाथ लागला की तेल ओतता येत नाही, दिवा विझवता येत नाही की विझलेला पुन्हा लावता येत नाही, आणि बाबांची गाडी उशिरा येणार होती. ड्यूटीवरून येणाऱ्या माणसाला लांबूनच आपली खिडकी उजळलेली दिसावी, एवढी तुझी हौस. अंगावर सणाची नवी नायलॉनची साडी. मी चपात्यांवर फडकं घालतेय. तू खिडकी ओढायला वाकतेस, काच तडकते आणि जळतं तेल तुझ्या पदरावर येतं. नायलॉन नुसतं जळत नाही, अंगाला चिकटतं. मी तांब्या उचलला तशा शेजारच्या अक्का दारातूनच म्हणाल्या, “पानी नको टाकू माय, तेलना जाळ शे. गोधडी ली ये.” त्यांनीच तुला गोधडीत गुंडाळून जमिनीवर लोळवलं. मग भाजल्यावर लावायला कुणी शाई आणली, कुणी कणीक. अक्कांनी सगळ्यांना हाकललं आणि दवाखान्याची गाडी येईपर्यंत तुझ्या हातांवर गार पाणी ओतत राहिल्या.

दवाखान्यात तू एकदाच नीट बोललीस, माझ्याशी, बाबांसमोर. “रडू नकोस. पाणी घालायचं विसरले, एवढंच झालं.” विसरली नव्हतीस तू. आपल्यामुळे हे झालं असं बाबांना वाटू नये म्हणून तसं म्हणालीस, हे मला पुढे कळलं. तरी त्या ‘एवढंच’चा राग आजही येतो. त्यांची काळजी केलीस, ते बरंच केलंस. पण पाणी तू मुद्दाम घातलं नाहीस आणि तरी ‘विसरले’ म्हणालीस, या दोन्ही गोष्टी ठाऊक असलेली मी एकटीच उरले, आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोरीला ते ओझं झेपत नसतं.

परवा मी अखेर हो म्हणाले. नातीला सुती फ्रॉक घातला, केस घट्ट बांधले. पडदा काढला, ग्लास परातीत ठेवले, बाजूला बादली आणि ओलं गोणपाट. दोन-दोन बोटं पाणी मी स्वतः घातलं. तिनं वाती लावल्या, तुझ्यासारखीच मान जराशी तिरकी करून बेराखा, दिव्यांची प्रार्थना, म्हटली. सूर्य बुडाला, मग ती हात धुवायला गेली आणि मी सगळे दिवे विझवले. ऐन शब्बाथला, फुंकर मारून.

ती आली तेव्हा मी म्हणाले, “वाऱ्यानं गेले गं.” खिडक्या बंद होत्या, हे तिलाही दिसत होतं.