टाके घातलेली पोटं

सातारा,
जानेवारी १९७७

प्रिय आई,

बाहुबलीदादाचं पत्र आलं. तुझी वरची जखम कोरडी पडली, ओढ कमी झाली, असं त्यानं कळवलंय. साताऱ्याहून परतल्यापासून तू माझं नावही काढत नाहीस, हेही कळवलंय. त्याला कारण माहीत नाही. मला आहे.

मिरजेच्या ऑपरेशननंतर विश्रांतीला म्हणून मीच तुला इकडे आणलं. आतड्याला पीळ पडला होता. सडलेला तुकडा काढून डॉक्टरांनी दोन टोकं शिवली होती. चार पायऱ्या चढलीस तरी तुला दम लागायचा. तरी त्या दिवशी माझा विसरलेला डबा घेऊन तू प्रयोगशाळेपर्यंत चालत आलीस, आणि शिपायानं कौतुकानं तुला थेट आत आणून सोडलं. मी वळून पाहिलं तर तू पिंजऱ्यापाशी उभी. पांढरे उंदीर, पोटावरचे केस भादरलेले, मधोमध काळ्या दोऱ्याचे टाके. पदराखाली स्वतःचं पोट चाचपत तू विचारलंस, "ह्यास्नी काय झालंतं गं?" मला खोटंही सुचलं नाही. "काही नव्हतं झालं, आई," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी तू जेवली नाहीस. सकाळी म्हणालीस, "मला सांगलीच्या एसटीत बशीव." गाडी सुटेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाहीस.

पाण्यातला जीवही मरू नये म्हणून ते गाळल्याशिवाय ओठाला न लावणारी तू. नोकरी लागली तेव्हा मी तुला 'औषधांचा अभ्यास' एवढंच सांगितलं होतं, आणि तू बस्तीत दर्शनाला आलेल्या बायकांना सांगत सुटलीस, आमची चंदा माणसांचे रोग बरे करणार. ते आठवलं की मान वर होत नाही.

आता सगळं सांगते. निरोगी आतडं आम्ही कापतो, शिवतो आणि मग कॅन्सर करणारं रसायन देतो. आमच्या उंदरांत बहुतेक गाठी शिवणीवरच उठल्या. जखम भरून यायला तिथल्या पेशी घाईघाईनं वाढतात. त्या घाईत विष शिरलं की वाढ थांबतच नाही, असं आम्हाला वाटतं. शिवण पुरती जुळून आल्यावर विष दिलं, तर गाठी कमी आल्या. माणसाचंही असंच होतं, हे अजून कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दादा लिहितो, तू एकभुक्त राहतेस. माझ्या पापासाठी करतेस ना? आणि रिकाम्या पोटी दिवसभर मिशरी लावतेस. ती जळकी तंबाखू, तसलंच विष, थुंकीबरोबर आत जाते, आई, आणि आतली शिवण अजून ओली आहे. तेवढ्यासाठी लिहायला बसले. घरी येऊ नको म्हणालीस तर येणार नाही. पण दोन्ही वेळा जेव, आणि मिशरी आजच्या आज चुलीत टाक. हे मला कुणाच्या जिवावर कळलं ते तू पाहिलंयस. तुला सांगायलाही तोंड नाही. तरी माझं ऐक.

तुझीच,
चंदा