सर्व्हिसिंगला नेलेली गाडी

अण्णा, तुमच्या गाडीबद्दल लिहायचं आहे. तुम्ही गेल्याला तप होऊन गेलं आणि एवढ्या वर्षांत मी तुम्हाला एक ओळ लिहिली नाही. आता लिहून राहिलो तेही गाडीसाठी, म्हणजे बघा माझी तऱ्हा. तुम्ही होतात तेव्हा तरी कुठं लिहीत होतो? लातूरहून फोन करायचो, तुम्ही 'बरं हाय सगळं' म्हणायचात आणि ठेवून द्यायचात. तुमच्या माघारी गाडी गावातच राहिली. कागदोपत्री माझ्या नावावर, राहायला धाकट्या काकाच्या पोराकडं, त्याच्या पत्र्याच्या शेडात. तुम्हीच त्याला चालवायला शिकवलं होतं, आणि तुम्ही स्वतः कधी तिसऱ्या गिअरच्या पुढं गेला नाहीत हे तो अजून रंगवून सांगतो. बिलोलीच्या रस्त्याला गुरुजींची गाडी पुढं लागली की ट्रॅक्टरवाले बी हॉर्न वाजवायचे म्हणे.

रिटायर झाल्यावर हातात आलेल्या पैशातून मास्तर लोक घरावर मजला चढवतात. तुम्ही सात सीटची, डिझेलवरची लांबलचक गाडी आणलीत. घरात माणसं दोन, आणि त्यातली माय गाडीत बसली की फर्लांगभरात उलटी करणारी. गावानं तोंडात बोटं घातली. गाडी आपल्या गल्लीत आली त्या दिवशी तुम्ही तिच्यापुढं उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हणालात, बॉनेटला निळा झेंडा लावलात. काकूनं गुपचूप चाकाखाली लिंबू ठेवलं होतं, ते तुमच्या नजरेतून कसलं सुटतंय. लिंबू उचलून तिच्याच हातात दिलंत आणि सगळ्यांना सरबत करायला लावलंत. एका लिंबात गल्लीला काय पुरणार? काकू नंतर कितीतरी दिवस म्हणत होती की गुरुजींनी माझ्या हातून लोकांना नुसतं साखरेचं पाणी पाजलं.

गाडी का आणली हे तुम्ही मला एकदाच सांगितलंत, तेही मी खोदून विचारल्यावर. तुम्ही लहान असताना तुमची थोरली बहीण बाळंतपणात अडली. गावात जीप एकच, वरच्या आळीत. आजोबा त्या दारात जाऊन उभे राहिले. नाही असं कुणी म्हणालं नाही. ड्रायव्हर बाहेरगावी गेलाय, सकाळी बघू, एवढंच म्हणाले, आणि ड्रायव्हर समोरच्या ओट्यावर तंबाखू मळत बसलेला. आत्याला बैलगाडीत घातलं, ती बिलोलीच्या वाटेवरच गेली. सांगताना तुमचा आवाज चढला नाही. मला मात्र त्या दिवशी कळलं की तुम्ही गाडी घरासाठी घेतलेलीच नव्हती.

म्हणून किल्ली दाराच्या आतल्या खिळ्याला, हात घातला की लागेल अशी. कुणाला नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं, कुणाच्या पोरीला सासरी घालवायचं, कुणाच्या म्हाताऱ्याचे डोळे दाखवायचे, गाडी जायची. एका दिवाळीत मी गावी आलेलो, ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो. गल्लीतला एक माणूस किल्ली मागायला आला आणि मी सहज विचारलं, कशाला पाहिजे? तुम्ही आतून आलात, किल्ली त्याच्या हातात दिलीत, तो जाईपर्यंत थांबलात, आणि मग माझ्याकडं न बघता म्हणालात, "मागणारा आपल्या दारात येईपर्यंत चारदा माघारी फिरलेला असतो. त्याला 'कशाला' म्हणून विचारायचं नसतं." मी पेपर घडी करून ठेवला. मास्तर लोकांचा मार परवडतो, अण्णा, असलं बोलणं परवडत नाही.

दुसरा नियम तुमचा नव्हता, तो लोकांनी केला. गाडी उपाशी परत आणायची नाही. नेणाऱ्यानं जितकं डिझेल जाळलं त्याहून थोडं जास्तच भरायचं. ज्याला पंपावर जमत नाही तो शेतातल्या इंजिनाच्या कॅनमधून आणून ओतायचा. जिला तेही जमत नव्हतं ती मागल्या गल्लीतली विधवा मावशी ओल्या फडक्यानं गाडी पुसायची आणि पुढच्या काचेपाशी भुईमुगाच्या चार शेंगा ठेवून जायची. तुम्ही गेल्यावरही हे थांबलं नाही. मी लातूरला बसून नावाचा मालक, गाडीची काळजी गल्लीला.

आता माझं ऐका. आमच्या कॉलेजात माझ्या बरोबरीच्या एकानं गेल्या वर्षी हायब्रीड गाडी घेतली. हायब्रीड म्हणजे पेट्रोलवरही चालते आणि बॅटरीवरही. चार्जिंगला लावायची गरज नाही, ब्रेक दाबला की बॅटरी आपोआप भरते. तुम्ही लगेच विचारलं असतं, मग घाटात जास्त भरत असंल की रे? हाव अण्णा, उतारावर भरते. तो मला एकदा घरापर्यंत सोडायला आला. सुरू केली तर आवाजच नाही. मी म्हणालो, चालू करा की. तो म्हणाला, कधीची चालू आहे. त्या थंडगार, मुक्या गाडीत बसलो आणि मला काय झालं कुणास ठाऊक, उतरावंसं वाटेना.

घरी बोलणं सुरू झालं. जुन्या गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती, पुन्हा पासिंग करावं लागणार होतं. धूर इतका सोडते की मागच्या मोटारसायकलवाल्यानं शिव्या घालाव्यात. बायको म्हणाली, गाडी तुमच्या नावावर आणि चालवतं अख्खं गाव, उद्या काही कमीजास्त झालं तर कोर्टात कोण उभं राहील? शिवाय आता फोन केला की अँब्युलन्स येते, पूर्वीचे दिवस राहिले का? तिचं काहीच चूक नव्हतं. चूक नव्हतं म्हणूनच मी चिडायचो. अँब्युलन्स येते, पण म्हातारीचे डोळे दाखवायला किंवा पोरीची पाठवणी करायला ती बोलावता येत नाही, एवढंच माझं उत्तर. जुनी गावात ठेवून नवी घ्यावी इतकी ऐपत नाही. जुनी एक्स्चेंजमध्ये दिली तरच नवीचं गणित बसत होतं.

मग मी एक शहाणपणा केला. त्या सहकाऱ्याची गाडी दोन दिवस मागून घेतली. म्हटलं गावापर्यंत चालवून बघू, लांबच्या रस्त्याला कशी आहे ते कळेल. त्यानं दिली, आणि कशाला म्हणून विचारलं नाही. उदगीर, देगलूर करत गावी पोचलो. गल्लीत शिरलो तर कुणी मान वर करीना, कारण आवाजच नाही. एक कोंबडं चाकाखाली जाता जाता वाचलं. चुलतभावानं गाडीभोवती चक्कर मारली, बॉनेटवर हात ठेवला, छान हाय म्हणाला. भावजयीनं पिठलं-भाकरी केली होती. जेवलो, जरा आडवा झालो आणि दुपारी परत निघालो.

देगलूरच्या अलीकडं गाडी खोकायला लागली. थोडी बॅटरीवर गेली, मग पांढरा धूर, काचेवर सगळे दिवे एकदम लागले आणि रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. परक्याची गाडी, नवी कोरी, माझ्या तोंडचं पाणी पळालं. चुलतभावाला फोन लावला, त्याला सांगत होतो तेव्हाच टाकीच्या झाकणापाशी वास आला. मी विचारलं, तुम्ही लोकांनी काही केलं का हिला? तो अगदी खुशीत म्हणाला, "व्हय, पाच लिटर डिझेल टाकलं की. तुमी झोपलाव तवा." नरसाळं लावून, सांडू न देता, पोटभर घातलं होतं, अण्णा, पेट्रोलच्या गाडीला.

कंपनीची उचलून नेणारी गाडी यायला वेळ होता. त्याआधी हा आला, तुमची गाडी घेऊन, पाण्याचा कॅन आणि उरलेल्या भाकरी बांधून. मी त्याला नाही नाही ते बोललो. अडाण्यासारखं वागता, न विचारता हात लावता, परक्याची वस्तू आहे याचं भान नाही, असलं सगळं, रस्त्यावर उभं राहून, मास्तराच्या आवाजात. तो माझ्याहून थोडाच लहान आहे, त्याच्या पोरीच्या लग्नात मी अक्षता टाकल्यात. तो मान खाली घालून ऐकत राहिला. माझं संपल्यावर म्हणाला, "गुरुजीची गाडी आपण कधी उपाशी धाडली न्हाई. मग तुमची कशी धाडावं, भाऊ?" आम्ही दोघांनी बाभळीच्या तुटपुंज्या सावलीत बसून भाकरी खाल्ली. भाकरी संपता संपता त्यानं विचारलं, "ही घेतली म्हंजे ती..." आणि तुमच्या गाडीकडं बघायला लागला. मी म्हणालो, बघू अजून, कशात काही नाही.

टाकी धुऊन झाली, सहकारी हसला, चार दिवस स्टाफरूममध्ये माझी फजिती झाली, प्रकरण मिटलं. त्यानंतर मी तीन महिने ठरवत होतो. बायकोशी वाद घातला, मायलेजची तुलना केली, धुराचा विचार केला, तुमचा विचार केला. एकदा तर पुन्हा पासिंगची चौकशीही करून आलो. आज तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? मी काही ठरवत नव्हतो. त्या मुक्या गाडीत पहिल्यांदा बसलो तेव्हाच माझं ठरलं होतं. बाकीचं सगळं मनाची समजूत होती. मला तुमच्या गाडीचा वास नको होता, डिझेलचा, आजारी माणसांचा, ओल्या पोत्यांचा. कधी ती लातूरला आणली की पार्किंगमध्ये लावताना मी कानकोंडा व्हायचो. धूर, पासिंग, कोर्ट ही कारणं खरी आहेत, पण ती मी मागाहून गोळा केली.

मागच्या रविवारी बसनं गावी गेलो. जाताना ठरवलं होतं की सगळं सरळ सांगायचं, गल्लीत चार लोक बोलावून सांगायचं. गेलो तर चुलतभावाची पोरगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, ओट्यावर पाय सोडून बसली होती. तिनं उठायची धडपड केली, मी म्हणालो, बस गं माय. चहा झाला. मी म्हणालो, गाडी घेऊन जातो लातूरला, सर्व्हिसिंग करून आणतो, लई दिवस झाले. त्यानं लगेच किल्ली आणून दिली. सर्व्हिसिंग तर तो नांदेडलाच करून आणतो दरवर्षी, हे त्याला माहीत आणि मलाही. त्यानं गाडी शेडातून काढून दिली, आरसे पुसले, आणि मी बसल्यावर खिडकीशी वाकून हळूच, पोरीला ऐकू जाऊ नये असं, म्हणाला, "भाऊ, हिचे दिवस भरत आलेत. त्याच्या आत येईल ना गाडी?"

मी म्हणालो, "येईल की."

दुसऱ्या दिवशी शोरूमला देऊन टाकली. सह्या झाल्या, त्यांनी तिच्यावर खडूनं नंबर लिहिला आणि मागच्या आवारात नेऊन लावली. नवी आता खाली उभी आहे, चांगली चालते, आवाज करत नाही. कालपासून चुलतभावाचे दोन फोन येऊन गेले, मी घेतले नाहीत. हे सगळं खरं म्हणजे त्याला सांगायचं आहे. पण तो विचारील, गाडी कधी येते. तुम्ही विचारणार नाही, म्हणून तुम्हाला लिहीत बसलो, अण्णा.