आपला आठ

ता. ९ मार्च, रविवार सकाळ

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला अडीच महिने लागले, राग मानू नकोस. आम्ही दोघं खुशाल आहोत. तुझ्या आईचा खोकला गेला. माझी झोप तशीच, पान हललं तरी जाग येते. तू रोपवाटिकेतून पाठवलेली टोमॅटोची सातही रोपं जगली. हे लिहिता यावं म्हणूनच थांबलो होतो. मधे ती जगतील असं वाटत नव्हतं.

तू लिहिलं होतंस, शेजारी काठी रोवा आणि सुतळीचा आठचा आकडा करून रोप काठीला बांधा. जन्मभर गवंडीकाम केलेलं, काठ्या ओळंबा लावून रोवल्या. मग आठ. मी तिसरी शिकलेला माणूस, गुरुजींनी पाटीवर गिरवून घेतलेला आठ मला ठाऊक. एका बाजूने उघडा. सुतळी तशीच वळवली, रोपाला टेकवली आणि टोक सोडून दिलं. मनाला पटेना, पण पोरगी त्यातलं शिकलेली, आपण शहाणपणा करू नये म्हटलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला. सातही रोपं आडवी. तुझी आई कपडे वाळत घालत होती, ती आली.

"हे काय बांधलंय?"

"आठ."

"अहो, हा आपला आठ. तिनं फोनवरचा सांगितला असणार. दोन कड्या, एकीत काठी, एकीत रोप." आणि जी हसत सुटली, ती खाली बसली. खोकला त्या हसण्यातच गेला म्हणते.

मग तिने रोप धरायचं, मी बांधायचं. "सैल ठेवा, खोड जाड होणार आहे," हे दर गाठीला ऐकलं. दिवसातून तीनदा कडीत बोट घालून बघतो. आता झाडं माझ्या छातीला लागतात. काल पहिला टोमॅटो पिकला, तिथेच उभ्याने अर्धा अर्धा खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला.

पत्राच्या शेवटी तू विचारलंस, "मी येऊ का?" ते मी इतका वेळ टाळतोय. तुझ्या लग्नाला आलो नाही, गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघा ठणठणीत होता. मला राग आहे असं लोकांना वाटलं, वाटू दिलं. रागही नव्हता. तुला निघताना बघून चारचौघांत रडू फुटेल, ही भीती. तुझी आई मागून वाचतेय. म्हणाली, "दोन वर्षांनी का होईना, सुचलं."

एकटी येऊ नकोस, दोघं या. पुढच्या खोलीचे पोपडे काढून मी नवा गिलावा केलाय, तोवर वाळेल. जावईबापू चहात साखर किती घेतात, हे मला सासरा असून माहीत नाही, तेही लिही. आणि कधी येता ते लवकर कळव, नाहीतर मी रोज फाटकात उभा राहीन.

तुझा घाबरट
बाबा