पडद्यावरचा रंग : प्रकरण तिसरे

२ जून, सकाळी ७
गाइड रुचिरा मॅडमचा मेल. पीएचडीचं सातवं वर्ष, तिसरं प्रकरण द्यायला ३१ ऑगस्ट ही शेवटची मुदत. घाबरण्यासारखं काही नाही. विषय पक्का आहे : वर्ण आणि सामाजिक व्यवहाराच्या सिद्धांतांतून मराठी चित्रपट. म्हणजे पडद्यावर कोण पुढे, कोण मागे, आणि ते सगळ्यांच्या अंगवळणी कसं पडतं. सिद्धांत माझे पाठ आहेत. चित्रपट तेवढे बघायचे राहिलेत.

९ जून
एक चित्रपट लावला. मध्यंतराआधी झोप लागली. दोष दिग्दर्शकाचा.

२१ जून
बायकोचे, निशाचे, ब्लाउज शिवून घेऊन कामोठ्याच्या भामाबाई आल्या. मी टीव्हीसमोर अभ्यास करत होतो. म्हणाल्या, "सर, ह्या शिनमदे मी हाय. त्या खांबाच्या मागं."
शिलाईच्या जोडीला त्या वीस वर्षं शूटिंगच्या गर्दीत उभ्या राहतात, हे मला आज कळलं. गोऱ्या बायका पुढे, सावळ्या मागे, त्याहून काळ्या असतील तर डोक्यावर टोपली, असं त्यांनी सांगितलं.
"आता कोनी सांगाया लागत नाय. आमीच मागं जाऊन उभ्या रातो."
याला शास्त्रात काय म्हणतात ते मी त्यांना पाऊण तास समजावलं. निशा म्हणाली, त्यांचं लिहून घे. तिला मेथडॉलॉजी कळत नाही. भामाबाईंचा तो अनुभव. फार तर तळटीप.

१२ जुलै
कॉलेजात माझं चर्चासत्र : ‘रंगभेद आणि कॅमेरा’. भामाबाईंनाही बोलावलं, समावेशक वाटावं म्हणून. बॅनरपाशी फोटो काढताना एम.ए.च्या मनस्वीला पुढे घेतलं, भामाबाईंना जरा मागे. केवळ उजेडाचा प्रश्न होता. मनस्वी फोटोतून बाहेर गेली. या पिढीला शिस्त नाही.
भाषणात वेळ संपल्यामुळे भामाबाईंना बोलता आलं नाही.

३ ऑगस्ट
मनस्वी दर रविवारी कामोठ्याला जाते म्हणे. भामाबाईंसोबत चित्रपट बघते, थांबवून थांबवून. सहा चित्रपट झाले. विद्यार्थ्यांनी फील्डवर्क करावं. मी खुर्ची बदलली, पाठीला आधार हवा.

३१ ऑगस्ट
अकरा पानं पाठवली. मॅडमचा फोन लगेच आला. आवाज चढवला नाही त्यांनी.
"गुरुदत्त सर, यात एकही माणूस नाहीये."
म्हणालो, सिद्धांताच्या पातळीवर माणूस गृहीत असतो. त्यांनी फोन ठेवला.

१९ सप्टेंबर
रजिस्ट्रेशन रद्द. कॉलेजने पुढच्या सत्रासाठी शिकवायला बोलावलेलं नाही. मनस्वीचा निबंध पुण्याच्या परिषदेत घेतलाय, लेखिका दोन : मनस्वी आणि भामा. निशाने अभिनंदनाचा फोन केला. माझ्या वतीनेही.

२८ सप्टेंबर
कामोठ्याला गेलो. वही नेली होती. भामाबाईंना म्हटलं, आता निवांत आहे, तुमचं सगळं ऐकायचंय. त्यांनी मशीन थांबवलं, चहा टाकला. म्हणाल्या, सांगायचं ते मनस्वीला सांगून झालं, आता परत तेच काय बोलू.
मग माझं काय झालं ते विचारलं. रजिस्ट्रेशन गेलं म्हणालो. त्यांना कळलं नाही. सात वर्षं गेली, असं सांगितलं.
"आजारी व्हते का सर?"
हो म्हणालो.