न सुजलेली पापणी

पापणी सुजली नाही तर माकड साफ, हे तुम्हीच मला शिकवलंत, आणि त्याच शिकवणीवर मी माझ्या नातीचा जीव टांगणीला लावला. आता ऐकून घ्या. बाई, बोईसरला तुमच्या प्रयोगशाळेत माकडांचे पिंजरे धुणारी दातिवऱ्याची ती मीच. पिंजऱ्यावरचे आकडे आणि ही चार अक्षरं तुम्हीच गिरवून घेतलीत.

नात काल नर्सिंगचा फॉर्म भरत होती. लहानपणचा मोठा आजार या रकान्यात तिने टीबी लिहिलं आणि आईला विचारलं, मला तो कुणामुळे झाला गं? सून खाली बघून बोंबील साफ करत राहिली. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. दोनदा चहा उतू गेला, दोनदा मी गॅसला शिव्या दिल्या.

तुमच्याकडे काही माकडांना अंगातली लढायची ताकद खाणारा विषाणू दिलेला, त्यांतल्या काहींना वर टीबीचे जंतू. टीबी बाकीच्यांत पसरू नये म्हणून सगळ्यांच्या पापणीत तपासणीची सुई टोचायची, तीन दिवस बघायचं. सुजली की टीबी, माकड वेगळं. विषाणूवाली एक म्हातारी माकडीण खंगत चाललेली, पण पापणी सपाट. मी तिला साफ माकडांच्या रांगेत न्यायला निघते, तर तुम्ही चारचौघींत माझं मनगट धरता.

"सुजायलाही अंगात जोर लागतो. हिच्यात तो उरला नाही. हिलाच जास्त भ्यायचं."

माझ्या लेकीच्या वयाच्या तुम्ही. मला राग आला. ती मेली, तुम्ही तिची छाती उघडलीत, मला बघायला बोलावलंत. मी बादली घेऊन नळावर गेले. फुप्फुसं टीबीच्या दह्यासारख्या गाठींनी भरलेली, असं बाकीच्या बायांनी सांगितलं.

तुम्ही गेलात आणि वर्षभराने मुलगा ट्रक सोडून घरी आला. खोकत, हाडं दिसतायत. रक्तात एड्सचा विषाणू सापडलेला. दवाखान्यात टीबी तपासायला तशीच सुई हातावर दिली. तिसऱ्या दिवशी हात सपाट. मी म्हटलं, साफ हाय, पोरीला बापाजवळ निजू दे. सून आडवी आली.

"आई, आदी छातीचा फोटो काडू."

"धा यत्ता शिकलीस म्हणून डाक्टरीण झालीस? माकडांत मी राबले का तू?"

पोर बापाच्या कुशीत निजली. तो पावसाळ्याआधी गेला. मग तिच्या मानेला गाठ आली, खोकला लागला. गोळ्या गिळून वाचली. गाव म्हणालं, सुनेने माहेरून रोग आणला. मी ऐकत होते. एकदाही नाही म्हणाले नाही.

हा कागद मी कुठे पाठवणार नाही. तुम्ही जिवंत असता तरी पाठवला नसता. तुम्ही मला अर्धंच शिकवलं नव्हतं. मी ऐकलं होतं, बाई. शब्द न् शब्द.

नात आज परत विचारणार. सुनेने इतकी वर्षं तोंड मिटून काढली, तशी आणखी एकदा मिटायची. उत्तर मी द्यायचं.