दोनशे बारावं नाव

बीबी,
सोमवार, ता. ८ एप्रिल १९६३

ती. सौ. वच्छलाताईस,

विमलचा नमस्कार. आई बरी आहे, मीही बरी आहे. दाजींचा खोकला थांबला असेल. हे पत्र दुपारच्या मेहकर गाडीच्या कंडक्टरजवळ देते आहे, म्हणजे संध्याकाळी तुझ्या हाती पडेल. पोस्टाच्या भरवशावर राहायला सवड नाही. का, ते सांगते. जरा दम घेऊ दे.

आमच्या बालकल्याण समितीचं तुला केवढं कौतुक! पंचायत, शाळा, दवाखाना, महिला मंडळ, सगळे पहिल्यांदाच एका सतरंजीवर बसले. निवडणुकीपासून एकमेकांचं तोंड न पाहणारे सरपंच उत्तमराव आणि रहेमतुल्लाचाचा एका ताटलीतले शेंगदाणे खात होते. दुधाच्या पावडरीसाठी चाचांनी आपली वखार मोकळी करून दिली. ठरलं असं, की सहा वर्षांखालच्या पोरांची एकच यादी करायची. दूध तिच्यावरून, वजन तिच्यावरून, देवीची लसही तिच्यावरून. आईने स्वतः नाव सांगायचं, म्हणजे एकही पोर दोनदा येणार नाही अन् एकही सुटणार नाही. ही अक्कल माझी! उत्तमराव भर बैठकीत म्हणाले, "बालवाडीच्या बाईनं डोकं चालवलं बा!" मी दोन दिवस मान ताठ करून फिरले.

दोनशे अकरा नावं झाली.

आता उकंडाचं. तुझे पहिले दोघे गेले, म्हणून हा झाल्यावर बाराव्या दिवशी आपण त्याला उकिरड्यावर ठेवलं आणि शेजारच्या तानूमावशीने सूपभर कोंडा देऊन विकत घेतलं. पाच वर्षं पुरी होईपर्यंत तू त्याला आपला म्हणायचं नाही, म्हणून तो इथे आमच्यात वाढतो. तुला तो मेहकरची मावशी म्हणतो आणि तू तोंड फिरवून हसतेस. हे तुलाच काय सांगायचं? पण आज मला सगळं ओळीने लिहून पाहायचं आहे.

यादी घेऊन मी तानूमावशीकडे गेले. ती म्हणाली, "माह्यावालं कोनी लहान नाई राह्यलं, बाई. थो त वच्छलीचा हाये, मी नावापुरती." घरी आले, तर आई चुलीपुढूनच ओरडली, "आपल्या घरात कुठी लेकरू हाये? थो तानूचा हाये. लिहू नको, नजर लागते." आणि पोळ्याला आली होतीस तेव्हा तू मला शपथ घातली होतीस, की पाच वर्षं होईपर्यंत त्याचं नाव कागदावर चढवायचं नाही. ज्याला दोन आया, त्याला माझ्या यादीत एकही नाही. मला दिसत होतं, ताई. तरी मी पेनाला टोपण लावलं.

शिमगा झाल्यावर लस टोचणारे आले. शाळेच्या ओट्यावर नाव पुकारलं की पोर पुढे. उकंडा बाही वर करून माझ्याजवळ शेवटपर्यंत उभा होता. चाचांची नात गुलनार रडून लाल झालेली, तरी तिने विचारलंच, "बाई, याले काऊन नाई टोचलं?"

"त्याचं नाव नाई आलं."

"तं घ्या ना मंग!"

मी तिला दूध प्यायला पाठवलं.

पुढच्या आठवड्यात तानूमावशी त्याला दुसरबीडला लग्नाला घेऊन गेली. ज्या घरी उतरले, तिथे एक पोर गोधडीखाली निजलेलं होतं म्हणे. काय झालंय, हे कोणी विचारलं नाही.

शुक्रवारी त्याला ताप आला. कालपासून आईने फोडणी दिली नाही. दाराला कडुलिंब बांधलाय. एवढ्यावरूनच तुला कळलं असेल, घरात देवी आल्या आहेत. आज सकाळी कपाळावर आणि हातांवर पुरळ उठलं.

नर्सबाई आल्या. त्यांनी यादी मागितली. त्यांचं बोट तीनदा वरून खाली गेलं. मग विचारलं, "मुलगा कोणाचा?" तानूमावशी आईकडे पाहू लागली, आई तानूमावशीकडे. कोण काय म्हणतं, ते तोही डोळे उघडून ऐकत होता. मी म्हटलं, "माझ्या ताईचा." आईने दोन्ही कानांवर हात ठेवले.

मला तुझा राग येत नाही. आईचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा. मी तर शिकलेली होते.

नर्सबाई भरवशाचं काहीच बोलत नाहीत. "आईला बोलवा," एवढंच म्हणाल्या. तुझ्या दंडावर लसीची खूण आहे, तरी गाडीत बसायच्या आधी दवाखान्यात पुन्हा टोचून घे. उद्या सकाळच्या गाडीने ये.

त्या गेल्यावर मी यादी उघडली आणि त्याच्या उशाशी बसून लिहिलं: दोनशे बारा. उकंडा. वय चार. आईचं नाव वच्छला.

"मावशी, माह्यं नाव आलं का?"

"हो रे राजा, आलं."

तर तो बाही वर करू लागला, ताई. हात उचलेना, तरी बाही वर करत राहिला.

ये. आणि यावेळी त्याला तुला मावशी म्हणू देऊ नकोस.

तुझी शपथ पाळलेली,
विमल