खऱ्या ठिकाणांची वही

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक भरपूर असू दे. फोन लावत बसू नकोस. आमच्या गल्लीतला टेलिफोनचा खांब कलला आणि तार तुटली. लाइनमन बघून गेला, पाया कच्चा होता म्हणाला. तसंही करवतीच्या मशीनने माझे कान नेल्यापासून फोनवर तू बोलतेस आणि मी नुसता हो हो करतो, तेव्हा पत्रच बरं.

सोबतच्या पेटीत एक चीज आहे. कापूस हळू काढ. दगड झालेलं समुद्रकमळ आहे एवढं मलाही कळतं, पण असलं चाळीस वर्षांत पाहिलेलं नाही. आपल्याला नेहमी देठाच्या सुट्या चकत्या मिळतात, शर्टाच्या बटणांएवढ्या. इथे देठ, त्यावरचा पेला, पेल्यातून निघालेले हात, सगळं जागच्या जागी आहे. शिवाय देठाला मध्येच एक गाठ आहे, ती कसली ते मला उमगत नाही. तुझ्या गुरुवारच्या दगडवेड्यांना दाखव आणि जात कोणती ते कळव. मागची माती काढायची झाली तर त्यांतल्या दंतवैद्यांना म्हणावं, गिऱ्हाइकाची दाढ समजून हात चालवा. ठिकाण चिठ्ठीवर लिहिलं आहे: डोंगरमाथा, पाण्याच्या टाकीजवळ.

तुझी वहिनी म्हणते, दगड पुरे झाले, आधी स्वयंपाकघराचं दार बघा. घासतंय. लाकूड फुगलं असणार, रंधा मारीन. सुताराच्याच घरचं दार लागत नाही म्हणजे दिव्याखाली अंधार.

माया आहे तशीच ठेव, आणि उत्तराला आळस करू नकोस.
तुझा
दादा


१३ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेटी सुखरूप पोचली. आज गुरुवार, पेशंट संपल्यावर आम्ही सगळे दवाखान्यात जमलो. दंतवैद्यांनी तुझी चीज दिव्याखाली घेतली आणि दोन तास दात कोरायच्या आकड्यांनी माती टिपत बसले. माझ्या दाताला त्यांनी आजवर दहा मिनिटं दिलेली नाहीत. आमच्या शिंपीणबाईंनी हात मोजले, वीस भरले. गाठ म्हणजे जिवंतपणी देठात कुठलासा किडा शिरून राहिला होता, त्याच्याभोवती वाढलेलं कवच. पुस्तकांत ही जात कुठेच मिळेना, म्हणून सध्या आम्ही तिला 'गाठवाली' म्हणतो.

खरी ओळख पटवली ती मुकादमांनी. तुला ते ठाऊक आहेतच, उभा जन्म तुमच्याच डोंगरावरच्या खाणीत काढलेला माणूस. त्यांनी कमळाकडे पाहिलंसुद्धा नाही. मागची माती चिमटीत घेतली, ओली केली, चोळली. निळसर, साबणासारखी बुळबुळीत. म्हणाले, ही टाकीखालच्या थराची माती, त्या डोंगरावर दुसरीकडे कुठेही नाही. आणि दादा, माझ्याही खणात अगदी असाच गाठीचा देठ आहे, तीन वर्षांपूर्वी तुझ्याकडे राहायला आले होते तेव्हाचा. त्याच्या चिठ्ठीवरही टाकीजवळ असंच लिहिलं आहे. दोन्ही शेजारी ठेवले, माती एक, गाठ एक. दोन साक्षी जुळल्या म्हणून मुकादमांनी मंडळाच्या नोंदीवर सही केली.

एक गोष्ट मात्र मनात घर करून राहिली. दंतवैद्य म्हणाले, हे प्राणी मेले की चार दिवसांत विस्कटतात. इतकं अख्खं राहायचं तर चिखल एकदम अंगावर यायला हवा. ही उभ्या उभ्या गाडली गेली, आणि हात सगळे एकाच बाजूला वळलेत. तेव्हापासून मला तिच्याकडे फार वेळ बघवत नाही.

दार दुरुस्त झालं का? वहिनीला नमस्कार. तुझा लोभ आहेच, तो असाच राहू दे.
तुझी
धाकटी


२१ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी इतका हसलो की वहिनी चहा टाकून बघायला आली. अगं वेडे, तुमच्या मुकादमांसकट सगळ्यांना मी टोपी घातली. टाकीपर्यंत चढायला माझे गुडघे कुठे राहिलेत? ही गाठवाली मला मिळाली आमच्याच स्वयंपाकघरामागे, पागोळीची नाली खणताना, हातभर खोलीवर. खरं लिहिलं असतं तर पुढच्याच रविवारी तुमचं मंडळ कुदळी घेऊन माझ्या परसात उतरलं असतं. चिठ्ठीवर खोटं ठिकाण आणि घरच्या वहीत खरं, हा आपल्या लोकांचा रिवाजच आहे. तूही काही धुतल्या तांदळासारखी नाहीस. माझी वही कपाटात आहे, मी गेल्यावर तुलाच मिळायची.

तिच्यासाठी काचेची पेटी करतोय. दाराला तिसऱ्यांदा रंधा मारला, आता वरून बोटभर फट आहे आणि खालून तरी घासतंच आहे. चार महिने पावसाचा थेंब नाही आणि हे लाकूड फुगतंय, कसलं लाकूड दिलं होतं त्या वखारवाल्याने कोण जाणे. परसातल्या झऱ्याला गढूळ पाणी येतंय. वहिनीचं नवीनच काहीतरी, दुपारी भांडी घासताना मागच्या भिंतीत टक टक ऐकू येतं म्हणे, कोणी बोटं मोडावीत तसं. मी कान लावला, मला कुठे काय ऐकू येणार? म्हटलं, तुझे कान मला दे आणि सुखात राहा.

मे महिन्यात ये. परसात दोघं मिळून खणू. मुकादमांना काही बोलू नकोस.
अशीच माया असू दे.
तुझा
दादा


२७ मार्च

ती. स्व. दादास,
शि. सा. न.

हे पत्र टपालाने येत नाही. उद्या पहिल्या गाडीने मुकादम स्वतः घेऊन येत आहेत. वाचून झालं की ते सांगतील तसं कर, तुझ्या पाया पडते.

बोलू नकोस म्हणाला होतास, पण तू केलेल्या आमच्या फजितीची गोष्ट मी आज सगळ्यांना वाचून दाखवली. सगळे हसले. मुकादम हसले नाहीत. किती खोलीवर, असं त्यांनी विचारलं. मग दाराचा भाग पुन्हा वाचायला सांगितला, मग झऱ्याचा, मग खांबाचा. ते म्हणाले, ती माती तुमच्या घरापेक्षा दोनशे फूट वर आहे. दगड घरंगळत आला असता तर त्याचे हात मोडले असते, माती गळाली असती. हा अख्खा आला, आपली माती अंगाखाली घेऊन. म्हणजे तो एकटा आलेला नाही, डोंगराची कूसच तुकड्याने खाली सरकते आहे. टाकी झिरपत असणार, आणि ती माती ओली झाली की वरचा भार धरत नाही. दादा, तुझं लाकूड फुगलेलं नाही. तुझं घर कलतंय.

ही पहिलीच खूण असेल तर अजून महिना-पंधरा दिवस हातात आहेत, असा त्यांचा अंदाज आहे. तरी मुकादम येतील त्याच दिवशी बाहेर पडा. दगडांच्या खणांत अडकू नकोस.

माझ्या खणातल्या त्या देठाबद्दलही तुला काही सांगायचं आहे. आज सगळ्यांसमोर जीभ रेटली नाही. भेटलो की सांगेन.
तुझी
धाकटी


२ मे

वन्सं,

वर मायना लिहायला हात धजत नाही, राग मानू नका.

तुम्ही आलात तेव्हा सारखं विचारत होतात, काय आणि कसं झालं ते. आता लिहिते.

मुकादम आले तेव्हा हे दाराशीच रंधा घेऊन उभे होते. पत्र वाचलं आणि म्हणाले, सुताराला दार शिकवू नका. मुकादमांनी वाद घातला नाही. यांचीच पाणसळ मागून घेतली आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर ठेवली. ती फरशी यांनी स्वतः समपातळीत बसवली होती. बुडबुडा पार एका टोकाला जाऊन बसला. हे पाणसळ घेऊन एकेका खोलीत गेले. परत आले तेव्हा मला एवढंच म्हणाले, पिशवी भर.

आम्ही माझ्या बहिणीकडे गेलो. यांनी आमच्या ओळीतल्या चारही घरांची दारं ठोठावली. यांच्यासारखा हट्टी माणूस घर सोडतो म्हटल्यावर सगळे निघाले. त्या चार घरांतले सगळे आज आहेत.

तिसऱ्या दिवशी मुकादमांसोबत हे सरकारी ऑफिसात गेले, तर तिथला इंजिनिअर म्हणाला, एका दगडावरून खालची अख्खी वस्ती कशी उठवू, आणखी पुरावा आणा. तेव्हा यांना घरच्या कपाटात राहिलेली वही आठवली. म्हणाले, तीत आधीची एक नोंद आहे. मुकादमांनी कसली म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, घरातली गोष्ट आहे, आधी मी खात्री करतो. मुकादमांनी घरात जायला अर्ध्या तासाची मुभा दिली. पहिलीच खूण आहे, वेळ आहे, असं त्यांना वाटत होतं.

दुपारचे चार वाजले होते. मी कोपऱ्यावर उभी होते. हे दारातून बाहेर आले, वही सदऱ्यात घातली, आणि कुलूप लावायला पाठ वळवली. लागत नव्हतं ते दार, तरी लावत बसले. वरून खडी ओतल्यासारखा आवाज आला. गल्लीतल्या सगळ्यांनी तो ऐकला, सगळे पळाले. आम्ही ओरडत राहिलो. यांना ऐकूच आलं नाही.

वही यांच्या अंगावरच मिळाली. महिनाभर मी पानं वाळवत होते, काल उघडली. तीन वर्षांपूर्वीचं पान जसंच्या तसं उतरवते:

"गाठीचा देठ, एक तुकडा, निळी माती. ठिकाण: स्वयंपाकघरामागे, नालीच्या ढिगात. मला नाही, धाकटीला मिळाला. खिशात घातला आणि मला टाकीजवळ सापडला म्हणाली. बोललो नाही. फार खुशीत होती."

म्हणजे पहिली खूण तीन वर्षांपूर्वीचीच होती. तरी तुमच्यावर माझा रोष नाही. हे असते तर त्यांनी मला तसं असूच दिलं नसतं. पण मुकादम दर आठवड्याला येतात, ओट्यावर बसतात, चहा तसाच ठेवून जातात. म्हणतात, मी वेळ आहे म्हणालो म्हणून हा माणूस गेला. त्यांना हे पान मी दाखवलेलं नाही, आणि वस्ती अजून उठलेली नाही. वही रजिस्टर पोस्टाने तुमच्याकडे पाठवते आहे. यांनी ती तुमच्याच नावावर ठेवली होती.

येत जा. तुमच्याखेरीज आता मला वहिनी म्हणणारं कोणी उरलेलं नाही.

तुमची
वहिनी